ऊ थांट आणि कांगोची अवघड शांतता




न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची इमारत पाहायला गेलात, तर समोर ईस्ट नदीत एक चिमुकलं खडकाळ बेट दिसेल. त्याला ऊ थांट यांच्या नावाने ओळखतात. संयुक्त राष्ट्रांचे पहिले आशियाई आणि पहिले बौद्ध महासचिव ते हेच. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं, म्हणून हे चार शब्द.

त्यांचा जन्म २२ जानेवारी १९०९ चा, ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाजवळच्या पान्तनाव गावचा. 'ऊ' हा नावाचा भाग नाही. ब्रह्मी लोक मोठ्या माणसाच्या नावापुढे तो मानाने लावतात. नाव एवढंच, थांट. चौदाव्या वर्षी वडील गेले. चार भावांत हे थोरले, त्यामुळे रंगूनचं शिक्षण अर्धवट सोडून ते गावी परतले, शिक्षक झाले आणि पुढे मुख्याध्यापक.

१९४८ ला देश स्वतंत्र झाला आणि दुसऱ्याच वर्षी करेन लोकांचं सशस्त्र बंड पेटलं. थांट तेव्हा सरकारी नोकरीत होते. जीव धोक्यात घालून ते करेनांच्या छावणीत बोलणी करायला गेले. बोलणी फिसकटली. बंडखोर पुढे सरकले, तेव्हा त्यांचं गाव जळालं आणि त्यात त्यांचं घरही गेलं. तरीही हा माणूस शेवटपर्यंत बोलणी करणाराच राहिला. पुढे ते पंतप्रधान ऊ नू यांचे सचिव झाले. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा थांट त्याच पदावर होते.

सप्टेंबर १९६१ मध्ये महासचिव डाग हॅमरशोल्ड कांगोच्या कामासाठी जात असताना विमान कोसळून गेले. ३ नोव्हेंबरला ती खुर्ची थांट यांच्याकडे आली, आणि खुर्चीबरोबर कांगोही आलं.

कांगोची अवस्था नीट समजून घ्या. बेल्जियमने ३० जून १९६० रोजी स्वातंत्र्य दिलं, तेव्हा त्या अफाट देशात पदवीधर कांगोली माणसं विशीच्या आत होती आणि कांगोली डॉक्टर एकही नव्हता. ज्यांना शिकू दिलं नाही त्यांच्याच हाती एका दिवसात सगळा कारभार दिला आणि मग म्हणायचं, बघा, यांना राज्य करता येत नाही! हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. काही दिवसांतच सैन्याने बंड केलं. तांब्याने श्रीमंत असलेला कटांगा प्रांत मोईझ त्शोंबे यांच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला. त्यांच्यामागे बेल्जियन खाण कंपनीचा पैसा आणि भाडोत्री गोरे सैनिक होते.

संयुक्त राष्ट्रांची जवळपास वीस हजारांची फौज तिथे होती, हे पुष्कळांना माहीत असतं. पण फौजेबरोबर डॉक्टर, शिक्षक, टपाल आणि विमानतळ चालवणारे, बँकेचे हिशेब पाहणारेही गेले होते. कांगोली वैद्यकीय सहायकांना डॉक्टर होण्यासाठी फ्रान्सला पाठवलं गेलं. मला विचाराल तर खरी शांतता तिथे सुरू झाली. अशा कामासाठी आज जगभर दिसणारा संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमही थांट यांच्याच कारकिर्दीत, १९६५ मध्ये स्थापन झाला.

कटांगाचा प्रश्न मात्र शाळा-दवाखान्यांनी सुटणारा नव्हता. ऑगस्ट १९६२ मध्ये थांट यांनी तोडगा मांडला : संघराज्याची घटना, खाणींच्या उत्पन्नात केंद्राचा आणि प्रांताचा निम्मा-निम्मा वाटा, दोन्ही सैन्यांचं एकत्रीकरण, सर्वांना माफी. त्शोंबे हो म्हणाले आणि दिवस ढकलत राहिले. डिसेंबरअखेर कटांगी सैनिकांनी संयुक्त राष्ट्रांच्या जवानांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा थांट यांनी कारवाई होऊ दिली. आघाडीवर भारतीय जवान होते. जानेवारी १९६३ मध्ये कटांगाचं वेगळेपण संपलं.

रोज ध्यान करणाऱ्या, मैत्री आणि करुणा मानणाऱ्या माणसाने हे कसं केलं, असं तुमच्या मनात येईल. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून पाहा. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत बाबासाहेबांनी स्पष्ट फरक केला आहे. थांट यांनी आधी वर्षभर बोलणी केली, हे त्या फरकाशी जुळतं असं मला वाटतं. पण झालेल्या कामाला फार गोड रंग देऊ नये. संयुक्त राष्ट्रांची फौज ३० जून १९६४ ला परतली आणि जुलैत तेच त्शोंबे अख्ख्या कांगोचे पंतप्रधान झाले! पुढच्या वर्षी मोबुटूंनी सत्ता बळकावली. देश एकसंध राहिला, लोकांच्या हाती मात्र आला नाही.

याच धामधुमीत, १९६२ मध्ये, त्यांचा मुलगा रंगूनमध्ये बसच्या अपघातात गेला. थांट न्यूयॉर्कमध्येच राहिले, काम चालू ठेवलं. उपेक्खा म्हणजे दगड होणं नव्हे, हे पाच वर्षांनी लुंबिनीत दिसलं. तथागतांच्या जन्मस्थानाची दुर्दशा पाहून त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांच्याच प्रयत्नांतून लुंबिनीच्या विकासाची आंतरराष्ट्रीय योजना उभी राहिली.

२५ नोव्हेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं. पार्थिव रंगूनला नेलं, पण लष्करशहा ने विन यांनी सरकारी मान नाकारला. विद्यार्थ्यांनी शवपेटी उचलून विद्यापीठात नेली आणि तिथे स्वतःच्या हातांनी स्मारक बांधायला घेतलं. ११ डिसेंबरच्या पहाटे सैन्य आत घुसलं. पेटी काढून श्वेडगॉन पॅगोडाजवळ पुरली. शहरात दंगे उसळले, लष्करी कायदा लागला, आणि शांततेसाठी जग फिरलेल्या माणसाच्या अंत्यविधीपायी कित्येक तरुण मारले गेले, कित्येक तुरुंगात गेले.