पाळकाचं घर आणि गावाची नजर



गावात नवा ग्रामसेवक आला, तलाठी आला किंवा कुणी सरपंच झाला, की गाव आधी काय बघतं? काम मागाहून. आधी घर बघतं. बायको कशी वागते, पोरगं कुठं फिरतं, उधारी कुणाच्या दुकानात आहे, याची चर्चा पारावर सुरू होते. ज्या गावात ख्रिस्ती मंडळी आहे तिथं पाळकाचंही असंच. रविवारी त्यानं उपदेश केला, की सोमवारी लोक त्याचं घर त्या उपदेशाला लावून बघतात. नेमणूक एकट्याची, पण परीक्षा सगळ्या घराची.

याचा अनुभव आपल्याच नगर भागातल्या एका घरानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला. ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. शाळेच्या पुस्तकात तुम्ही त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून वाचलं असेल. त्यांच्या घरानं काय सोसलं, ते आज बघू.

टिळकांचा जन्म 1861 सालचा, कोकणातल्या करजगावचा. जातीनं चित्पावन ब्राह्मण. 1880 साली त्यांचं लग्न झालं. बायको लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची लेक. तिच्या वडिलांचं सोवळं एवढं कडक, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरातली मुलगी वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत टिळकांच्या पदरात पडली. टिळक स्वभावानं फिरते. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. हातात पैसा टिकत नसे. कुणी अडचणीत दिसला की घरातलं उचलून देत.

1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाची गाठ पडली. त्यानं त्यांना बायबलातला नवा करार वाचायला दिला. दोन वर्षं विचारात गेली आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

निर्णय एकाचा, भोग घराचा

आता जरा थांबून विचार करा. हा निर्णय टिळकांचा होता. लक्ष्मीबाईंनी काही ठरवलं नव्हतं. त्या माहेरच्या माणसांत होत्या आणि मुलगा दत्तू लहान होता. पण बातमी फुटली आणि लोकांच्या नजरा वळल्या त्या बाईकडे. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी बाटलेला. मग हिनं कुंकू लावायचं का? हिला पंगतीला बसवायचं का? तिची काहीच चूक नसताना तिच्या जगण्याचा हिशेब लोक मांडू लागले. नातलगांनी तिला सांभाळलं, पण दुःखानं ती पार खचली होती.

टिळकांनी एक गोष्ट मात्र चांगली केली. बायकोला धर्म सोडायची जबरदस्ती केली नाही. काही वर्षं ताटातूट झाली. मग लक्ष्मीबाई मुलासह अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आल्या. सुरुवातीला त्यांचं खाणंपिणं वेगळं, सोवळं वेगळं. नवरा मिशनचा माणूस आणि बायको ब्राह्मणी सोवळ्यातली. ख्रिस्ती शेजाऱ्यांना हे नवल, तर जुन्या नातलगांना तिनं नवऱ्याकडे जाणंच पटण्यासारखं नव्हतं. दोन्हीकडून लोक बघत होते. टिळकांनी धीर धरला. लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला, की जातिभेद माणसानं केलाय, देवानं नाही. मग कुणाच्याही हातचं खायला त्या तयार झाल्या. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

पाळक झाले, डोळे वाढले

टिळक नगरच्या धर्मशाळेत, म्हणजे पाळक तयार करण्याच्या शाळेत शिकवत होते. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. राहुरीलाही या कुटुंबाचा मुक्काम होता. पाळकाचं घर म्हणजे धर्मशाळाच, पण वाटसरूंची. दुष्काळ, प्लेगचे ते दिवस. अनाथ पोरं, आजारी माणसं, शिकायला आलेली मुलं घरात असायची. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, याच घरात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं वागवलं. दारी आलेल्याला वाढायचं, पण डब्यात पीठ आहे की नाही हे बाईलाच ठाऊक.

मंडळीतल्या काहींना टिळकांची रीत खटकत असे. ते कीर्तन करत, अभंग-ओव्यांच्या चालीवर ख्रिस्ताची भजनं रचत. हे तर हिंदू वळण झालं, असं त्यांना वाटे. आज मराठी चर्चमध्ये टिळकांचीच गीतं गातात, ही गोष्ट निराळी. 1912 पासून ते ज्ञानोदयाचा मराठी भाग सांभाळत होते.

1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला जाऊन देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा. यावरही टीका झाली. पगार सोडण्याचा मान टिळकांना मिळाला. चूल कशी पेटायची, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले.

लपवलं नाही, म्हणून घर टिकलं

पुढं लक्ष्मीबाईंनी जे केलं ते मोलाचं आहे. त्यांनी स्मृतिचित्रे लिहिली. 1934 पासून ती भागाभागानं छापून आली. त्यात नवऱ्याचा तापट स्वभाव, घरातली भांडणं, पैशाची ओढाताण, स्वतःची फजिती, सगळं हसतखेळत सांगून टाकलं. लोक जे भिंतीला कान लावून ऐकायचे, ते बाईनंच अंगणात आणून ठेवलं. यात टिळक लहान झाले का? उलट त्यांच्यावरची माया वाढली. पतीचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायनही लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या नाशिकला वारल्या.

बंधूंनो, यातून आपण काय घ्यायचं? पदावरच्या माणसाला कामाचा हिशेब जरूर विचारा. ग्रामसभेत उभं राहून विचारा. तो तुमचा हक्कच आहे. पण त्याच्या बायकोनं कुठलं लुगडं नेसलं आणि पोरानं कुठं चहा प्याला, याचा पंचनामा करू नका. ती माणसं निवडून आलेली नाहीत, नेमलेलीही नाहीत.

आणि पदावरच्या मंडळींनो, तुम्हालाही एक सांगणं. मोठा निर्णय घेण्याआधी घरच्यांशी बसून बोला. त्याचा चटका आधी त्यांना बसतो. घर निर्दोष आहे असं दाखवायची धडपड करू नका. गाव ते दोन दिवसांत ओळखतं. टिळकांचं घर निर्दोष नव्हतं. तिथं भांडणं होती आणि उधारी होती. पण जबरदस्ती नव्हती आणि लपवाछपवी नव्हती. म्हणून तर एवढ्या नजरा झेलूनही ते घर मोडलं नाही.