विश्लेषण : पायातली गुठळी फुप्फुसात कशी पोहोचते? डॉ. फिर्खो यांनी हे कोडे कसे सोडवले?

मांडीचे हाड मोडून घरातले आजोबा खाटेवर पडलेले. दुखणे उतरणीला लागते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि एका सकाळी अचानक धाप लागून सगळे संपते. परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात असे घडले, तर हार्ट अटॅक आला असेच सांगितले जाईल. पण काही वेळा खरे कारण पायात असते. पायाच्या खोल शिरेतली रक्ताची गुठळी सुटते आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकते. हाच पल्मनरी एम्बोलिझम. तो उलगडला जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी.

कोण होते फिर्खो?

१३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील एका छोट्या गावात, शेती करणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. १८४३ मध्ये डॉक्टर होऊन ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाच्या कामाला लागले.

कोडे काय होते?

फुप्फुसातली गुठळी तिथेच, शिरेच्या दाहातून तयार होते, असे तेव्हा मानले जाई. फिर्खोंना मात्र त्याच मृतदेहांच्या पायांतही गुठळ्या दिसत होत्या. मग त्यांनी कुत्र्यांच्या मानेच्या शिरेत रबराचे तुकडे आणि गुठळ्या सोडून पाहिल्या. त्या फुप्फुसात सापडल्या! ही गोष्ट १८४६ च्या सुमाराची. तेव्हा त्यांनी पंचविशीही ओलांडली नव्हती. थ्रॉम्बोसिस आणि एम्बोलिझम हे शब्दही त्यांचेच.

रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही गुठळीची तीन कारणे आज त्यांच्याच नावाने शिकवली जातात. शस्त्रक्रिया, बाळंतपण, कर्करोग, अंथरुणाला खिळणे किंवा परभणी ते मुंबई असा रात्रभर एका जागी बसून केलेला प्रवास, या सगळ्यांतला धोका त्यातूनच कळतो.

पुढे काय झाले?

१८४८ मध्ये सरकारने त्यांना टायफसच्या साथीची पाहणी करायला पाठवले. त्यांनी औषधांऐवजी शिक्षण, रस्ते आणि लोकशाही मागितली. त्यानंतर राजकारणामुळे बर्लिनमधले पद गेले. १८५६ मध्ये ते सन्मानाने परतले. शहराच्या सांडपाणी व्यवस्थेसाठी ते झटले, बिस्मार्क यांच्याशीही भिडले. रोगजंतूंच्या सिद्धांताबाबत मात्र इतका तल्लख माणूस अखेरपर्यंत साशंक राहिला, हे नवलच.

उपचार कधी आले?

फिर्खोंच्या हयातीत गुठळीवर औषध नव्हते. हेपॅरिनचा शोध १९१६ चा. वॉरफरिनचे मूळ तर अमेरिकेतल्या बुरशी लागलेल्या चाऱ्यात सापडले. तो खाऊन जनावरे रक्तस्रावाने दगावत. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झाले. आता हाडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवणारे औषध देतात आणि रुग्णाला लवकर उठवून चालवतात.

जानेवारी १९०२ मध्ये, ऐंशीच्या वयात, फिर्खोंनी बर्लिनमध्ये चालत्या ट्राममधून उडी मारली आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. ते पुन्हा नीट जुळलेच नाही. हिंडणे-फिरणे थांबले, प्रकृती ढासळत गेली. आठ महिन्यांनी, ५ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. कारण सांगितले जाते, हार्ट फेल.