विश्लेषण : स्टिरॉइडची गोळी एकदम बंद का करत नाहीत? उत्तर दडलंय डॉ. फिलिप हेंच यांच्या आयुष्यात

साठी ओलांडलेल्या माणसाला एके दिवशी सकाळी उठल्यावर हात वर करता येत नाहीत. शर्ट घालताना खांदे दुखतात, खुर्चीतून उठताना मांड्या आणि कंबर आखडते. वसई-विरारमध्ये असं झालं की आधी लोकलच्या गर्दीला किंवा वयाला दोष दिला जातो. पण कारण ‘पॉलिमायल्जिया रुमॅटिका’ हा दाहाचा आजारही असू शकतो. तो साधारण पन्नाशीनंतरच होतो. त्यावर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं की बहुतेकांना काही दिवसांतच आराम पडतो. खरी कसोटी लागते ती डोस कमी करताना. ही कसोटी जगाला पहिल्यांदा दिसली ती अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांच्या वॉर्डात.

कोण होते डॉ. हेंच?

हेंच यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८९६ रोजी पिट्सबर्ग इथे झाला. १९२३ मध्ये ते मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये रुजू झाले आणि पुढे तिथल्या संधिवात विभागाचे प्रमुख झाले. त्या काळी संधिवाताच्या रुग्णाला विश्रांती, शेक आणि अॅस्पिरिन यापलीकडे देण्यासारखं फारसं काही नव्हतं.

काविळीतून धागा कसा सापडला?

१९२९ मध्ये हेंच यांच्या एका संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचं सांध्यांचं दुखणं चक्क कमी झालं. पुढे गरोदर स्त्रियांमध्येही असाच आराम पडलेला त्यांनी पाहिला. याचा अर्थ आजार मागे फिरू शकत होता आणि ते घडवणारं काहीतरी शरीरातच तयार होत होतं. त्याला त्यांनी ‘एक्स’ असं नाव दिलं.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल हे रसायनशास्त्रज्ञ अॅड्रिनल ग्रंथींमधून वेगवेगळे पदार्थ वेगळे करत होते. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या या लहानशा ग्रंथी. त्यातला ‘कंपाउंड ई’ संधिवातावर वापरून पाहायचं दोघांनी १९४१ मध्ये ठरवलं. पण तो पुरेसा मिळेना. मध्ये दुसरं महायुद्ध आलं आणि हेंच लष्करी वैद्यकीय सेवेत गेले. दरम्यान मर्क कंपनीतल्या लुईस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून हा पदार्थ प्रयोगशाळेत तयार करून दाखवला.

सप्टेंबर १९४८ मध्ये काय घडलं?

संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका महिलेला २१ सप्टेंबरला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. आठवडाभराच्या आत ती स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलबाहेर फिरून आली. ‘व्हिटॅमिन ई’शी गल्लत होऊ नये म्हणून औषधाचं नाव पुढे ‘कॉर्टिसोन’ ठेवलं गेलं. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. हेंच यांनी आपल्या पुरस्काराच्या रकमेतला काही भाग वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टर पँटेलिऑन यांना दिला.

मग अडचण कुठे आली?

इंजेक्शन थांबवलं की दुखणं परत येत होतं. चालू ठेवलं तर चेहरा सुजणं, मनःस्थिती बिघडणं असे दुष्परिणाम दिसत होते. कॉर्टिसोन आजार मुळातून बरा करत नाही, दाह दाबून ठेवतं, हे स्पष्ट झालं. जगभर औषधाचा गाजावाजा सुरू असताना हेंच स्वतः मात्र जपून वापराच्या बाजूचे होते.

डोस हळूहळूच का?

बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम मंदावतात. गोळी अचानक बंद केली तर शरीराकडे स्वतःचं स्टिरॉइड पुरेसं नसतं. थकवा, उलट्या, रक्तदाब घसरणं असा जिवावर बेतणारा प्रसंग येऊ शकतो. पॉलिमायल्जियात सुरुवातीचा डोस साधारण १२.५ ते २५ मिलिग्रॅम असतो. तो १० पर्यंत आला की पुढे दर महिन्याला सुमारे १ मिलिग्रॅम कमी केला जातो. म्हणूनच उपचार वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त चालतात.

वेदना परतल्या तर?

- मनाने गोळी वाढवू किंवा सोडू नका. दुखणं आजार उलटल्यामुळे आहे, डोस कमी केल्यामुळे आहे की खांद्याच्या वेगळ्याच त्रासामुळे, हे डॉक्टर तपासणी आणि ईएसआर, सीआरपी या रक्तचाचण्यांवरून ठरवतात.
- आजार उलटला असेल तर बहुधा आधीच्या डोसवर परत जाऊन पुन्हा सावकाश उतरावं लागतं. वारंवार उलटत असेल तर मेथोट्रेक्सेटसारखं दुसरं औषध जोडण्याचा विचार होतो.
- साखर, रक्तदाब आणि हाडांची तपासणी करत राहा.
- नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजर धूसर होणं दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आल्याचं ते लक्षण असू शकतं. उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

हेंच १९५७ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी ‘पॉलिमायल्जिया रुमॅटिका’ हे नाव वैद्यकीय साहित्यात आलं. ३० मार्च १९६५ रोजी जमैकात त्यांचं निधन झालं. त्यांच्या औषधाची पुढची पिढी असलेली प्रेडनिसोलोनची गोळी आज वसई-विरारमधल्या मेडिकलमध्येही मिळते. ती कधी आणि किती कमी करायची, हे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच ठरायला हवं.