दोन कपाटांतले चिं. वि. जोशी

माझे लहानपण धार जिल्ह्यातल्या मनावर या गावी गेले. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत निमाडी अशी आमची भाषेची वाटणी होती. इथे सीमाभागात आल्यावर घरात मराठी आणि बाजारात कन्नड हे पाहून मला मुळीच परके वाटले नाही ते त्यामुळेच. माझे आजोबा, ज्यांना सारे गाव नाना म्हणे, ते संस्थानी अमदानीत दफ्तरावर कारकून होते. लाल रुमालांत बांधलेले कागद, त्यांवरच्या चिठ्ठ्या आणि हरवलेला कागद नेमका साहेबांना हवा त्याच दिवशी कसा हरवतो, या त्यांच्या गोष्टी. पण आम्हां नातवंडांना त्या नको असत. आम्हांला हवी असे ती 'सरकारी पाहुणे' या सिनेमाची गोष्ट.

हा बोलपट १९४२ सालचा. नानांनी तो इंदूरला पाहिला होता, आणि पुढची चाळीस वर्षे ते तो सांगत होते. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीत चोर पुढे पळत असे, गुप्तहेर बनलेले चिमणराव त्याच्या मागे आणि गुंड्याभाऊ सोटा घेऊन चिमणरावांच्याही मागे. हे सारे एका संस्थानात जाऊन पोचत आणि तिथे भलताच पाहुणचार होई. नानांनी त्यात पदरचे बरेच घातले असावे, कारण दर खेपेला चोर निराळ्या ठिकाणी सापडे, आणि एकदा तर तो आमच्याच मान नदीत पोहत निघाला होता.

नानांना ही गोष्ट इतकी का आवडावी, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. आमच्या त्या मुलखात धारचे पवार, इंदूरचे होळकर आणि ग्वाल्हेरचे शिंदे अशी राज्ये एकमेकांत गुंतलेली होती. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन राजे. रस्त्याच्या या कडेचा चोर त्या कडेला गेला की तो दुसऱ्या राज्यात गेला, असे नाना हसत हसत सांगत. पाठलाग करणाऱ्या पोलिसाची जी फजिती सिनेमात मुद्दाम घडवावी लागते, ती आमच्याकडे नकाशानेच घडवून ठेवली होती. आणि सरकारी पाहुणा म्हणजे काय चीज असते हे तर नानांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिले होते. बर्फ, सोडावॉटर, कोंबड्या, घोड्यांचा दाणा, आणि पाहुणे नेमके कोण हा रकाना बरेचदा कोराच.

नाना १९८८ साली वारले. पुढच्याच वर्षी आम्ही मनावरचे घर आवरले. त्यांच्या ट्रंकेत 'चिमणरावांचे चऱ्हाट' होते, पाने पिवळी पडलेली, समासात पेन्सिलीने लिहिलेली त्यांच्या कचेरीतल्या माणसांची नावे: कुठल्या प्रसंगातला कोण आपल्याकडचा कोण. ती ट्रंक मी रद्दीवाल्याला दिली. मी तेव्हा मराठीत एम.ए. करत होतो, हेही सांगून टाकतो.

ज्या लेखकाचे ते पुस्तक, त्याचे चरित्र तेव्हा मला ठाऊक नव्हते. चिमणराव ठाऊक होते, त्यांची पत्नी काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू ही मंडळी तर घरच्यासारखी होती. पण या साऱ्यांना लिहिणारा माणूस पुण्याचा असावा आणि दिवसभर विनोद करत बसत असावा, अशी काहीतरी माझी समजूत होती. इथे नोकरीला लागल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयात एकदा मला पालीचे एक जुने इंग्रजी पुस्तक हवे होते. ते सापडले: 'अ मॅन्युअल ऑफ पाली', कर्ता सी. व्ही. जोशी. जोशी काय, गल्लोगल्ली आहेत, असे म्हणून मी पुस्तक घरी नेले, वापरले आणि परत केले. तीन वर्षांनी प्रस्तावना वाचायची म्हणून पुन्हा ते उघडले, आणि इंग्रजी आद्याक्षरे मराठीत म्हणून पाहिली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चिंतामण विनायक. तो चोर माझ्या समोरच्या कपाटात बसलेला होता आणि मी गावभर हिंडत होतो.

चिंतामणरावांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. आगरकरांनी सुरू केलेल्या 'सुधारक' पत्राशी त्यांच्या वडिलांचा संबंध होता, म्हणजे घरात वाचन होते आणि रूढींची चिकित्साही होती. ते फर्ग्युसन कॉलेजात आले त्या काळात तिथे धर्मानंद कोसंबी पाली शिकवत होते. गोव्यातून बुद्धाच्या शोधात निघालेला, नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेश पालथा घालून आलेला हा विलक्षण माणूस. त्यांच्या हाताखाली जी मोजकी पोरे तयार झाली त्यांत चिंतामणराव एक. आणि मी वापरले ते 'मॅन्युअल' १९१६ सालचे. वयाच्या चोविसाव्या वर्षी हा मुलगा दुसऱ्यांना पाली शिकवण्याचे पुस्तक लिहीत होता. विद्यार्थिमित्रांनी हे जरा लक्षात घ्यावे. असो.

१९२० च्या सुमारास ते बडोद्याला गेले आणि तिथेच त्यांचे सारे उमेदीचे आयुष्य गेले. तो सयाजीराव महाराजांचा काळ. १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा, जुन्या संस्कृत ग्रंथांची माला सुरू करणारा हा राजा. त्याच्या राज्यात विद्वानाला काम मिळे आणि वेळेवर पगारही मिळे. चिंतामणराव बडोदा कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे राज्याचे दफ्तरदार झाले.

हे वाचले तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. चिमणरावांचा जनक हा नानांच्याच जातकुळीचा निघाला. नाना तालुक्याच्या दफ्तरातले, हे राजधानीच्या दफ्तरातले, एवढाच काय तो फरक. रुमाल तेच आणि धूळही तीच. दफ्तरदाराचे काम म्हणजे मुख्यत्वे शोधाचे काम. कोणी कधी काय लिहिले, कोणत्या कागदाच्या आधारे कोणी काय बळकावले, कुठली नोंद मागाहून घुसडली, हे सारे त्याला जुन्या कागदांवरून काढावे लागते. म्हणजे खरा गुप्तहेर पडद्यावर नव्हताच, तो बडोद्याला कागदांच्या ढिगात बसला होता. आपण रोज जे काम चोख करतो, तेच काम एका भोळ्या, थोड्या भित्र्या आणि बऱ्याच बढाईखोर गृहस्थाच्या हाती दिले तर काय होईल, ही कल्पना अशा माणसाला सुचावी यात नवल नाही. उलट ज्याला मागोवा घेता येतो त्यालाच तो नेमका कुठे चुकवावा हे कळत असले पाहिजे.

त्यांचा 'एरंडाचे गुऱ्हाळ' हा विनोदी लेखसंग्रह १९३२ सालचा आणि 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ सालचे. याच १९३३ साली लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने त्यांनी संपादिलेल्या 'सद्धम्मप्पकासिनी' या ग्रंथाचा पहिला भाग छापला. 'पटिसम्भिदामग्ग' या बौद्ध ग्रंथावरची ही महानामाची टीका. अशा संपादनात निरनिराळ्या प्रतींमधले पाठ शब्दाशब्दाने ताडून पाहावे लागतात. एका लेखनिकाच्या डुलकीने शेकडो वर्षांपूर्वी गाळलेले अक्षर दुसऱ्या प्रतीत शोधायचे, हा तो उद्योग. तिन्ही भाग छापून व्हायला १९४७ उजाडले. चौदा वर्षे एका हाताने हे काम चालू होते आणि दुसऱ्या हाताने चिमणराव पुण्याच्या रस्त्यांवर धडपडत होते.

आता सिनेमाकडे वळतो. कोल्हापूरच्या मास्टर विनायकांनी नवयुग चित्रपट या संस्थेसाठी १९४० साली 'लग्न पाहावे करून' काढला. दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांच्या डोळ्यांत चांगलाच तिरळेपणा होता, आणि त्यांनी तो लपवण्याऐवजी कामाला लावला. ते पाहताहेत कुणाकडे हे प्रेक्षकाला कळत नसे. असा माणूस चोरावर पाळत ठेवणार, ही गंमत नाना स्वतःचे डोळे फिरवून दाखवत आणि आजी ओरडत असे. तो बोलपट लोकांनी उचलून धरला आणि दोनच वर्षांनी त्याच जोडीला घेऊन विनायकांनी 'सरकारी पाहुणे' काढला. गाजलेल्या चित्राचा पुढला भाग काढण्याची चाल आज घरोघर माहीत आहे. मराठीत १९४२ साली ती विनोदी जोडीच्या बळावर यावी, हे मला मोठे वाटते. त्याच वर्षी नवयुगच्याच 'पहिली मंगळागौर'मध्ये तेरा वर्षांची लता मंगेशकर पडद्यावर आली.

एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. विनायकांचाही जन्म १९ जानेवारीचाच, साल १९०६. लेखक चौदा वर्षांनी वडील. पण विनायक १९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला चार दिवस झाले असताना गेले, पुरते बेचाळीसही नव्हते.

ज्या संस्थानी जगाची ही थट्टा होती तेही मग फार टिकले नाही. आमच्याकडची राज्ये १९४८ साली मध्यभारतात मिळाली, बडोदे १९४९ च्या मे महिन्यात मुंबई राज्यात गेले. सिनेमा लागला तेव्हा पोट धरून हसलेले नाना सहा वर्षांनी नव्या सरकारच्या कचेरीत जुने रुमाल मोजून देत होते. ते दुःखी होते असे मला कधी वाटले नाही. पण 'सरकारी पाहुणे' ते सांगत ते केवळ हसवण्यासाठी नसावे. त्यांच्या चाकरीचे जग कुठेतरी धड नोंदलेले असेल तर ते त्या बोलपटात, असे त्यांच्या मनात असणार.

चिंतामणरावांनी चिमणरावांना पुढेही सोडले नाही. 'आणखी चिमणराव' आले, 'चौथे चिमणराव' आले. एखाद्या पात्राला क्रमांक पडावा, ही राजेरजवाड्यांच्या खालोखालची प्रतिष्ठा. इकडे 'शाक्यमुनि गौतम' हे बुद्धचरित्र आणि जातकांतल्या गोष्टी मराठीत आणण्याचे काम त्यांनी केलेलेच होते. या जातककथा मी वर्गात वाचून दाखवतो तेव्हा मुले हसतात. शहाणा कोल्हा, बढाईखोर माकड, लोभी बगळा. मला तर वाटते चिमणरावांचे अर्धे गोत्र तिथले आहे. माझे कन्नडचे सहकारी यावर हसून बीची यांच्या तिम्माचे नाव घेतात, आणि मग आमचा चहा थंड होतो.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी चिंतामणराव वारले. त्याच डिसेंबरात युरोपात 'पिंक पँथर' नावाचा एक चित्रपट झळकला. त्यातला पीटर सेलर्सचा क्लूसो हा फ्रेंच पोलिस अधिकारी चोराच्या मागे धावताना स्वतःच पडत असे, आणि त्याचेही पुढे एकामागून एक भाग निघाले. त्या चित्रपटांवर भाषणे झाली, पुस्तके निघाली. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि पुन्हा एकदा चिमणराव घरोघर पोचले. लेखकाचे नाव मात्र चढ संपताच मागे पडणाऱ्या इंजिनासारखे सुटून राहिले. मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला विचारतो. चिमणराव ऐकलेले चार-दोन हात वर येतात. ते कोणी लिहिले, यावर बहुतेक वेळा पु. ल. देशपांडे हे उत्तर मिळते. पाली टेक्स्ट सोसायटीच्या त्या तीन भागांबद्दल मी आताशा विचारतच नाही.

मुलांना बोलण्याचा मला अधिकार नाही, हे वर आलेच आहे. त्या ट्रंकेचे काय झाले म्हणून मी एकदा मनावरला जाऊन चौकशी केली होती. रद्दीवाला जागा बदलून गेला होता. एकाने बाकानेरचा रस्ता दाखवला, दुसऱ्याने धरमपुरीचा. दोन दिवस मी मोटारींतून हिंडलो आणि हाती काही लागले नाही. परतताना एका फाट्यावर चुकीच्या गाडीत बसलो आणि रात्री अकरा वाजता धारला उतरलो. नाना असते तर ही गोष्टही त्यांनी सिनेमात घातली असती.

ग्रंथालयात तेव्हा कार्डांचे खण होते. 'मॅन्युअल'च्या कार्डावर मी पेन्सिलीने बारीक अक्षरांत 'विनोद विभागही पाहावा' असे लिहून ठेवले, आणि 'चऱ्हाटा'च्या कार्डावर 'पाली विभाग पाहावा' असे. ग्रंथपालांनी पाहिले, पण ते काही बोलले नाहीत. पुढे संगणक आला आणि ते खण वरच्या माळ्यावर गेले. परवा सहज नाव टाकून पाहिले. सी. व्ही. जोशी एका यादीत, चिं. वि. जोशी दुसऱ्या यादीत. उद्या अर्ज देणार आहे.