कै. पालवणकर बाळू

बोरघाट उतरून मुंबईस जाणाऱ्या आगगाड्या आम्हां कर्जतकरांच्या नित्य परिचयाच्या आहेत. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुणे सोडून मुंबईस गेलेल्या एका थोर क्रिकेटपटूचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहो.

बाळूंचा जन्म धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातील. वडील लष्करी नोकरीत होते. पुण्यास प्रथम पारशांच्या क्लबात दरमहा तीन रुपयांवर व पुढे युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर बाळू मैदानाची निगा राखीत. तेथे ग्रेग नामक कसलेल्या फलंदाजास सरावासाठी ते तासन्‌तास चेंडू टाकीत. हाती बॅट मात्र क्वचितच येई. परंतु ह्या चाकरीतूनच त्यांची डावखुरी फिरकी गोलंदाजी सिद्ध झाली.

पुढे पुण्याच्या हिंदू संघास त्यांची गरज भासली. मैदानावर त्यांचा स्पर्श झालेला चेंडू सर्वांस चाले. चहाच्या वेळी मात्र त्यांस बाहेर निराळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हा अपमान गिळून त्यांनी आपले काम चोख केले.

मुंबईस आल्यावर त्यांची कीर्ती वाढली. सन १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी जिंकले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. सन १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघ वारंवार हरला, तथापि बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले.

इतके असूनही हिंदू संघाचे कायम कर्णधारपद त्यांस कधीच लाभले नाही. शिवराम, गणपत व विठ्ठल हे त्यांचे बंधूही नामांकित खेळाडू होते. सन १९२३ साली ते पद विठ्ठलांस मिळाले, तेव्हा थोरल्या भावाच्या वाट्यास न आलेला न्याय धाकट्याच्या रूपाने पदरी पडला. सन १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. सन १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांविरुद्ध ते उभे राहिले व पराभूत झाले. ता. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

बाळूंच्या चिकाटीची वाखाणणी करणे सोपे आहे. परंतु ज्याच्या गुणाचा लाभ आपण घेतो, त्यास पंक्तीस बसवितो की नाही, हा प्रश्न आम्हां विद्यार्थ्यांनी स्वतःस विचारला, तरच हे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.