मार्लवाईची शाळा आणि व्हिएन्नाचे हायमेनडॉर्फ

उटनूर-जैनूर भागातलं गोंड घरातलं पोरगं आज शिष्यवृत्तीचा अर्ज भरतं, वसतिगृहाच्या यादीत आपलं नाव शोधतं. 80-85 वर्षांपूर्वी याच डोंगरात अर्ज वाचून दाखवणारा माणूस मिळायची मारामार होती. ती कोंडी फोडण्यात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा मोठा वाटा आहे.

त्यांचा जन्म 1909 चा, व्हिएन्नाचा. मानववंशशास्त्रात डॉक्टरेट झाल्यावर रॉकफेलर फाउंडेशनच्या फेलोशिपवर ते लंडनला शिकले. म्हणजे तेही शिष्यवृत्तीचेच विद्यार्थी. पुढे नागा टेकड्यांत काम केलं. 1939 मध्ये ते पुन्हा भारतात आले आणि महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रिया तोवर जर्मनीत गेलेला, खिशात जर्मन पासपोर्ट, त्यामुळे इंग्रज सरकारच्या लेखी ते शत्रू देशाचे नागरिक. मात्र तुरुंगाऐवजी त्यांना निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहून काम करायची मुभा मिळाली.

1940 मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले. गोंड का उठले, हे निजाम सरकारला समजून घ्यायचं होतं. हायमेनडॉर्फ आणि पत्नी बेट्टी मार्लवाईला आले, गवताने शाकारलेल्या झोपडीत राहिले, गोंडी शिकले. गाव तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता कुमरम भीम आसिफाबादमध्ये आहे. त्यांचं निदान सरळ होतं: जमीन हातची गेली, जंगल खात्याचा जाच वाढला आणि कागद वाचता येत नसल्याने सावकार-पटवारी सांगतील ते खरं.

म्हणून 1943 मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करणारं केंद्र निघालं. बाहेरचा मास्तर डोंगरात टिकत नाही आणि त्याची उर्दू पोरांना कळत नाही, हे उघड होतं. तेव्हा मोडकंतोडकं मराठी लिहू-वाचू शकणारे मोजके गोंड तरुण हेरले, त्यांनाच शिक्षक केलं. पुस्तकं गोंडी भाषेत, लिपी देवनागरी. पोराने आधी घरच्या भाषेत अक्षरं गिरवायची, मग पुढची भाषा धरायची. इतिहासकार म्हणून मराठी वाचकांना ठाऊक असलेले सेतुमाधवराव पगडी हेही निजामाच्या नोकरीत असताना याच जिल्ह्यात गोंडांमध्ये काम करत होते. त्यांनी गोंडीचं व्याकरणही लिहिलं.

शाळेसोबत पट्टे आले, हे विसरता कामा नये. एक लाखाहून जास्त एकर जमीन आदिवासी कुटुंबांच्या नावावर झाली. नुसती शाळा काढली असती तर पोरं सावकाराच्याच शेतावर राबत राहिली असती.

1949 नंतर हायमेनडॉर्फ लंडनला प्राध्यापक झाले. 1956 ला राज्यं भाषेवर वाटली गेली. किनवट, राजुरा मराठी मुलखात गेले, उटनूर तेलुगूत राहिलं. इकडच्या शाळांत तेलुगू आली आणि देवनागरीतली गोंडी पुस्तकं मागे पडली. सोयरीक मात्र पैनगंगेच्या दोन्ही काठांवर तशीच राहिली. ते अनेकदा परत आले, आणि दिलेली जमीन पुन्हा बाहेरच्यांकडे जाताना पाहून त्यावर त्यांनी परखडपणे लिहिलंही.

11 जानेवारी 1987 ला बेट्टी गेल्या. त्यांना मार्लवाईत पुरलं. 1995 ला लंडनमध्ये हायमेनडॉर्फ वारले. त्यांच्या अस्थीही पुढे तिथेच, बेट्टींच्या शेजारी आणल्या. दर 11 जानेवारीला गाव तिथे जमतं.