चिंतामणराव देशमुख : दिल्लीतील एक राजीनामा

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिला क्रमांक व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजला निसर्गविज्ञानाचा अभ्यास, १९१८ मध्ये आय. सी. एस. परीक्षेत पहिले स्थान, मध्यप्रांत-वऱ्हाडातील प्रशासन, १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर ही चढण सुपरिचित आहे. १९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ मध्ये तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. आजन्म प्रशासक राहिलेल्या या गृहस्थाला मतदार लाभले ते तेव्हा, आणि पुढील प्रसंगाचे मूळ तेथे शोधणे अप्रस्तुत ठरू नये.

राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये मुंबईचे द्वैभाषिक राज्य आणि निराळा विदर्भ सुचविला. तो तोडगा महाराष्ट्राने नाकारला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित होणार असे जाहीर करताच शहर पेटले, गोळीबारात अनेकांनी प्राण गमावले. चिंतामणरावांनी त्याच महिन्यात राजीनामा देऊ केला. परंतु ते प्रत्यक्ष बाहेर पडले जुलैमध्ये. मधल्या काळात अर्थसंकल्प त्यांनीच मांडला, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते.

लोकसभेतील निवेदनात त्यांनी दोन आक्षेप घेतले. गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हा एक. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता घोषित झाला, हा दुसरा. नेहरूंनी दुसरा आक्षेप मान्य केला नाही. महाराष्ट्राने पहिलाच आक्षेप ऐकला आणि त्यांना डोक्यावर घेतले. ते स्वाभाविकच होते. तथापि, प्रांताचे नकाशे कोणी व कोणत्या रीतीने आखावेत हा दुसऱ्या आक्षेपातील प्रश्न अधिक मूलगामी होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यांना केवळ प्रांताभिमानी ठरविणाऱ्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले.

काही आठवड्यांतच संसदेने केंद्रशासित मुंबईचा बेत सोडून गुजरात, विदर्भ व मराठवाड्यासह विशाल द्वैभाषिक स्वीकारले. बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्र राज्य झाले ते १ मे १९६० रोजी.

१९५७ ची निवडणूक चिंतामणरावांनी लढविली नाही. ते दिल्लीतच राहिले : विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू आणि लोदी उद्यानाशेजारच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे एक प्रमुख शिल्पकार. मेघदूताचा त्यांनी केलेला मराठी पद्यानुवाद संस्कृतप्रेमींना ठाऊक आहेच. १९५३ मध्ये त्यांनी आंध्रच्या दुर्गाबाईंशी विवाह केला होता; भाषावार आंध्र राज्यही त्याच वर्षीचे. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले ते हैदराबादेत. ही नगरी भाषावार आंध्र प्रदेशची राजधानी झाली तो दिवस, १ नोव्हेंबर १९५६, विशाल द्वैभाषिक मुंबईच्या जन्माचाही होता.